संपर्कनोंदी व पोलीस : स्वतंत्र देखरेख

दूरध्वनी आणि इंटरनेट कंपन्यांकडे साठणाऱ्या संपर्कनोंदी पोलिसांना कोणत्या कारणासाठी व कितपत द्याव्यात, हे पोलीस दलाबाहेरील यंत्रणेने ठरवण्याची आणि तपासण्याची व्यवस्था. या नोंदींत संभाषणाचा मजकूर नसतो. कोणी कोणाला केव्हा फोन केला, तेव्हा मोबाइल कोणत्या टॉवरच्या कक्षेत होता, अमुक आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीला दिलेला क्रमांक) कोणत्या ग्राहकाकडे होता, एवढेच असते. मजकूर नाही म्हणून त्या दुय्यम मानल्या गेल्या आणि अनेक देशांत पोलिसांतीलच वरिष्ठाची सही पुरेशी ठरली. हा समज चुकीचा होता, कारण काही महिन्यांच्या नोंदी एकत्र मांडल्या की माणसाचे आजारपण, श्रद्धा आणि नातीही उघडी पडतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कार्पेंटर खटल्यात १२७ दिवसांच्या टॉवर नोंदींबाबत याच कारणाने न्यायालयीन वॉरंट आवश्यक ठरवले.

परवानगी देणारा कोण, हा या विषयाचा गाभा आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये सर्वांच्या नोंदी ६ महिने ते २ वर्षे साठवण्यास सांगणारा २००६ चा निर्देश (सदस्य देशांना बंधनकारक असलेला संघाचा नियम) रद्द केला. त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये, निकडीचे प्रसंग वगळता, नोंदी मिळवण्यापूर्वी न्यायालयाची किंवा स्वतंत्र प्रशासकीय संस्थेची संमती हवी, असे सांगितले. एस्टोनियातून आलेल्या प्रकरणात २०२१ मध्ये त्याने सरकारी वकीलही स्वतंत्र नसल्याचा निर्णय दिला, कारण जो तपास चालवतो व पुढे खटल्यात एका बाजूने उभा राहतो, तो तटस्थ राहू शकत नाही. आयर्लंडच्या प्रकरणात २०२२ मध्ये पोलीस अधिकाऱ्याबाबतही हेच ठरले.

ब्रिटनमध्ये या प्रश्नाला पत्रकारांमुळे धार आली. तीन वर्षांत १९ पोलीस दलांनी ८२ पत्रकारांना माहिती पुरवणारे सूत्र शोधण्यासाठी नोंदी मागवल्याचे २०१५ मधील अधिकृत चौकशीत आढळले. त्यानंतर अशा मागणीसाठी न्यायिक मंजुरीची अट आली. पुढे २०१९ पासून पोलिसांचे सर्वसाधारण अर्ज तपासण्याचे काम एका स्वतंत्र कार्यालयाकडे गेले. जीव धोक्यात असेल तर मात्र पोलीस अधिकारी स्वतः तातडीची मंजुरी देऊ शकतो, आणि ही सवलत रास्त आहे. बेपत्ता मुलाच्या शोधात अर्जाची वाट पाहता येत नाही.

संमतीनंतरचीही तपासणी लागते. आयपी पत्त्यातील एक आकडा किंवा वेळेची नोंद चुकली तर पोलीस निरपराध माणसाच्या दारात पोहोचतात, आणि असे प्रसंग ब्रिटिश तपासणी अहवालांत नोंदलेले आहेत. तेथील २०१६ च्या कायद्यानुसार चूक गंभीर असेल आणि कळवणे सार्वजनिक हिताचे असेल, तरच या अधिकारांच्या वापरावर देखरेख ठेवणारे आयुक्त संबंधित व्यक्तीला ती कळवतात. युरोपीय संघाच्या न्यायालयाची अपेक्षा याहून मोठी आहे : तपासाला बाधा येण्याचा धोका संपताच, ज्यांच्या नोंदी पाहिल्या गेल्या त्यांना तसे कळवले पाहिजे. आपल्या नोंदी कोणी पाहिल्या हेच ठाऊक नसलेल्या माणसाला दाद मागता येत नाही.