दिव्यांगांचे ‘पाच टक्के’ : घरकुल वेगळं, निधी वेगळा

ग्रामपंचायतीत जाऊन ‘आमचे पाच टक्के द्या’ म्हटलं की ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) विचारतो, ‘कुठले?’ त्याचं चुकत नाही. पाच टक्के दोन आहेत, आणि एकाचा अर्ज दुसऱ्याच्या फायलीत गेला की वर्ष वाया जातं.

पहिले पाच टक्के घरांचे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ३७ प्रमाणे सरकारी घरकुल योजनांत पाच टक्के वाटा दिव्यांगांचा, त्यातही महिलांना प्राधान्य. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये हप्त्याहप्त्याने खात्यात येतात. रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. पण त्या मजुरीला जॉबकार्ड लागतं, तेव्हा ते आधी काढा. यादीवर ग्रामसभेत चर्चा होते. त्या दिवशी घरी बसू नका. नाव सुटलं असेल तर लेखी हरकत द्या आणि ती इतिवृत्तात आली का, हे वाचून बघा.

दुसरे पाच टक्के पैशांचे. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातला हा हिस्सा दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुलीच कमी असेल तर हा निधीही तेवढाच, म्हणून छोट्या गावात यातून घर उभं राहील अशी आशा धरू नये. साहित्य, थोडीफार आर्थिक मदत, शाळेला उतार अशी कामं होतात. आधी ग्रामपंचायतीच्या दिव्यांग नोंदवहीत नाव घाला. मार्चअखेर धावपळ करण्यापेक्षा दिवाळीच्या आसपास अर्ज दिलेला बरा.

दोन्हीकडे पहिला कागद एकच : यूडीआयडी, म्हणजे वैश्विक ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, मग ठरल्या दिवशी सरकारी रुग्णालयात तपासणी. वरच्या लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व हवं. ४० ते ७९ टक्क्यांना पिवळं कार्ड मिळतं, ८० आणि त्यापुढे निळं.

बाकी आधार, रेशनकार्ड, आधार जोडलेलं पासबुक, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. जागेसाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीचा उतारा. खरं घोडं अडतं ते इथेच. जागा अजून आजोबांच्या नावावर असते आणि चुलत्यांचं संमतीपत्र कोणी आणलेलं नसतं. दुसरी अडचण नावाची. आधारवर ‘लक्ष्मीबाई’, प्रमाणपत्रावर नुसतं ‘लक्ष्मी’, एवढ्यावर अर्ज परत आलेले मी पाहिलेत. सगळी कागदपत्रं ओट्यावर शेजारीशेजारी मांडा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा.

अर्ज तोंडी कधीच नको. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, सही, तारीख घ्या. दाद लागली नाही तर पोच जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे आणि तिथेही नाही लागली तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करता येते.

घर मंजूर झालं की गवंड्याशी पाया खणायच्या आधी बोला. जोतं एक फूट असेल तर उतार बारा फूट लांब हवा, अंगणात तेवढी जागा सोडावी लागते. आणि संडासाचं दार तीन फुटी. गवंडी सवयीने अडीच फुटाची चौकट आणतो, त्यातून चाकाची खुर्ची आत जात नाही.