राष्ट्रगीत राजाचे की देशाचे? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

राष्ट्रगीताकडून दोन वेगळी कामे करून घेतली जातात. राष्ट्रप्रमुख समारंभाला आला की त्याला मानवंदना द्यायची, हे एक. शाळेत, मैदानावर किंवा परदेशात आपल्या देशाची ओळख म्हणून लोकांनी उभे राहून गायचे, हे दुसरे. पहिल्या कामात एक माणूस समोर असतो. दुसऱ्यात कोणी समोर असण्याची गरजच नसते. गीत राजाचे असावे की देशाचे, हा वाद जिथे जिथे पेटला तिथे बहुतेक वेळा ही दोन्ही कामे एकाच गीतावर टाकलेली होती. आमचे मत सरळ आहे: राष्ट्रगीत देशाचे असावे, आणि राजा असेलच तर त्याच्या सलामीची धून वेगळी ठेवावी. चार देशांचा इतिहास पाहिला तर हे मत कुठून आले ते कळेल.

सुरुवात ब्रिटनपासून करावी लागते, कारण राजाला उद्देशून गायचे राष्ट्रगीत हा नमुना जगभर तिथूनच गेला. ‘गॉड सेव्ह द किंग’चा मूळ रचनाकार अज्ञात आहे. 1745 मध्ये चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट आपल्या घराण्याची गादी परत मिळवायला स्कॉटलंडमध्ये उतरला आणि 21 सप्टेंबरला प्रेस्टनपॅन्सच्या लढाईत त्याने सरकारी फौजेचा पराभव केला. लंडनमध्ये दुसऱ्या जॉर्जचे सिंहासन डळमळू लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस लंडनच्याच ड्रुरी लेन नाट्यगृहात नाटकानंतर हे गीत गायले गेले. स्वरयोजना थॉमस आर्नची होती. म्हणजे जन्मतः हे गीत गादीच्या भांडणात एका पक्षाने केलेली प्रार्थना होते. सगळ्या देशाचे म्हणून ते पुढे हळूहळू रूढ झाले. कायदा करून त्याला राष्ट्रगीत ठरवले गेलेले नाही; आजही ते परंपरेवरच उभे आहे.

त्याची बांधणी सलामीला फार सोयीची आहे. तीन मात्रांची लय, आधी 6 आणि मग 8 असे एकूण 14 बार, म्हणजे तालाची छोटी आवर्तने. पहिल्या 6 बारमध्ये एक वाक्य पूर्ण होते, म्हणून राजघराण्यातल्या इतर सदस्यांसाठी तेवढाच तुकडा वाजवून थांबता येते. हीच चाल प्रशियाने घेतली आणि पुढे जर्मन साम्राज्याने वापरली; रशियात 1816 ते 1833 ती झारच्या गीताला होती, स्वित्झर्लंडमध्ये 1961 पर्यंत चालली आणि लिख्टेनश्टाइनमध्ये अजून आहे. 2003 मध्ये इंग्लंड आणि लिख्टेनश्टाइन यांचे फुटबॉल सामने झाले, तेव्हा दोन्ही संघांची राष्ट्रगीते एकाच चालीची होती. राजा बदलला की शब्दही बदलावे लागतात: 8 सप्टेंबर 2022 रोजी राणी एलिझाबेथ वारल्या आणि सत्तर वर्षे ‘क्वीन’ म्हणणाऱ्यांना त्या दिवसापासून ‘किंग’ म्हणावे लागले. राजाशिवायचे राष्ट्रगीत म्हणजे काय, हे फ्रान्सने ‘ला मार्सेयेझ’ 14 जुलै 1795 रोजी स्वीकारून दाखवले होते. पण ब्रिटिश साम्राज्यात बँडवर राजाचीच धून वाजत राहिली.

भारतात या दोन कामांची गल्लत 1911 मध्ये झाली आणि तिचे पडसाद अजून उमटतात. पाचवा जॉर्ज दिल्ली दरबारासाठी आला होता. 12 डिसेंबरला त्याने बंगालची फाळणी रद्द केल्याची घोषणा केली. लगेच कलकत्त्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले. अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी, 27 डिसेंबरला, कामकाज ‘जन गण मन’ने सुरू झाले. नंतर राजाच्या आभाराचा ठराव झाला आणि रामभुज चौधरी यांचे बादशहाच्या स्वागताचे हिंदी गीत गायले गेले. काही इंग्रजी वृत्तपत्रांनी दोन्ही गीते एकच समजून, रवींद्रनाथांनी राजासाठी गीत लिहिले, अशी बातमी छापली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1912 मध्ये, तत्त्वबोधिनी पत्रिकेत हे गीत ब्रह्मसंगीत, म्हणजे ब्राह्म समाजाचे भक्तिगीत, म्हणून प्रसिद्ध झाले. पण गैरसमज पसरायचा तो पसरला. 1937 मध्ये पुलिनबिहारी सेन यांना लिहिलेल्या पत्रात रवींद्रनाथांनी खुलासा केला. सरकारदरबारी वजन असलेल्या एका मित्राने राजाच्या स्वागताचे गीत मागितले, त्याचा मनाला धक्का बसला आणि त्या प्रतिक्रियेतून भारताच्या भाग्यविधात्याचा जयजयकार लिहिला गेला. युगानुयुगे रथ हाकणारा तो सारथी पाचवा, सहावा किंवा कुठलाही जॉर्ज असूच शकत नाही.

ही बाजू पडताळायला पाचही कडवी वाचावीत. चौथ्या कडव्यात विधात्याला ‘स्नेहमयी तुमि माता’ असे म्हटले आहे. दुःस्वप्नात आणि भयात मांडीवर घेऊन सांभाळणारी ही आई जॉर्जला लावायची कशी? पण पाचव्या कडव्यात ‘जय राजेश्वर’ हा शब्द येतो, आणि संशय घेणारे नेमका तोच पुढे करतात. राष्ट्रगीत म्हणून फक्त पहिले कडवे घेतले गेले. त्यामुळे संशयाला जागा देणारा शब्द बाहेर राहिला, आणि तो खोडून काढणारी ओळही.

स्वातंत्र्य आले तेव्हा प्रश्न तातडीचा झाला. राजाची धून बंद करायची, पण सैन्याच्या आणि वकिलातींच्या बँडने वाजवायचे काय? 1947 मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीत मागितले गेले. हाताशी ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती, तीच वाद्यवृंदाला सरावाला दिली गेली. ही हकीकत नेहरूंनी 25 ऑगस्ट 1948 च्या निवेदनात सांगितली आहे. ‘वंदे मातरम्’वर एक हरकत अशी होती की ते वाद्यवृंदावर बसत नाही. ती खोडून काढण्यासाठी पुण्याच्या मास्तर कृष्णरावांनी बँडवर वाजेल अशी चाल बांधली आणि दिल्लीत संविधान सभेच्या सदस्यांना ऐकवली. महाराष्ट्रात या खटपटीची आठवण अजून आदराने काढली जाते, आणि ती काढायलाच हवी: शब्दांबद्दलच्या वादात चालीची बाजू इतक्या गांभीर्याने फार थोड्यांनी लढवली. 24 जानेवारी 1950 रोजी राजेंद्रप्रसादांनी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत म्हणून जाहीर केले आणि ‘वंदे मातरम्’ला समान मान दिला.

सलामीचे काम मात्र संपले नव्हते. गृह मंत्रालयाच्या आदेशांनी ते पदाशी जोडून ठेवले आहे. राष्ट्रपतींना आणि आपापल्या राज्यात राज्यपालांना राष्ट्रीय सलामी देताना राष्ट्रगीत वाजते. पंतप्रधानांसाठी ते एरवी वाजवत नाहीत, खास प्रसंग असेल तरच. पूर्ण गीताला साधारण 52 सेकंद लागतात; पहिली आणि शेवटची ओळ घेतलेल्या संक्षिप्त रूपाला सुमारे 20. बँड सुरू होण्याआधी ढोलाचा रोल वाजतो, तो संथ संचलनाच्या 7 पावलांचा: हळू सुरू होऊन टिपेला जातो आणि उतरत सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येतो. मग एक ठोका विराम, आणि त्यानंतर गीत. एवढा बारकावा नसता तर उभे कधी राहायचे, यावरूनच दर समारंभात गोंधळ झाला असता.

ऑस्ट्रेलियाची वाट वेगळी होती, कारण तिथे राजा कायम ठेवून गीत बदलायचे होते. जानेवारी 1973 मध्ये पंतप्रधान व्हिटलम यांनी नव्या राष्ट्रगीतासाठी स्पर्धा जाहीर केली. शब्दांच्या 1,400 हून अधिक आणि चालींच्या सुमारे 1,200 प्रवेशिका आल्या. परीक्षकांना एकही पुरेशी चांगली वाटली नाही. मग जुन्या गीतांतूनच निवड करायचे ठरले. 1974 च्या पाहणीत ‘ॲडव्हान्स ऑस्ट्रेलिया फेअर’ पुढे आले, पण 1976 मध्ये फ्रेझर सरकारने राजघराण्याच्या आणि लष्करी प्रसंगांसाठी पुन्हा ‘गॉड सेव्ह द क्वीन’ आणले. अखेर 21 मे 1977 रोजी मतदारांना चार गीतांतून निवड करायला सांगितले. ‘ॲडव्हान्स ऑस्ट्रेलिया फेअर’ला 43 टक्के, ‘वॉल्टझिंग माटिल्डा’ला 28, राणीच्या गीताला 19 आणि ‘साँग ऑफ ऑस्ट्रेलिया’ला 10 टक्के मते पडली. तरी अधिकृत घोषणेला 19 एप्रिल 1984 उजाडले. पहिल्या ओळीतले ‘ऑस्ट्रेलियाचे पुत्र’ जाऊन ‘सारे ऑस्ट्रेलियन’ आले आणि दोनच कडवी ठेवली गेली. राणीची धून शाही गीत म्हणून राहिली, ती राजघराण्यातली व्यक्ती हजर असतानाच वाजते. गव्हर्नर जनरलच्या सलामीला मात्र राष्ट्रगीताचेच पहिले 4 आणि शेवटचे 4 बार घेतात. राजेशाही असलेल्या देशासाठी आम्हाला हीच सर्वांत स्वच्छ मांडणी वाटते.

नेपाळात तर सगळा प्रवास आपल्याला लिपीसकट वाचता येतो. जुन्या गीताची धून 1899 मध्ये सलामीसाठीच रचली गेली. 1924 मध्ये चक्रपाणि चालिसे यांनी तिला शब्द दिले, आणि 1962 मध्ये ते अधिकृत राष्ट्रगीत झाले. ‘श्रीमान् गम्भीर नेपाली, प्रचण्ड प्रतापी भूपति’ अशी त्याची सुरुवात; पुढे महाराजाधिराजांची उन्नती होवो, देव त्यांना दीर्घायुष्य देवो. लोक त्यात आहेत ते प्रजा म्हणून आणि जयघोष करणारे म्हणून. नद्या, डोंगर, शेते, भाषा यांतले काहीच नाही. अशा गीताचे भवितव्य राजाच्या लोकप्रियतेशी बांधलेले असते. 1 फेब्रुवारी 2005 रोजी राजे ज्ञानेंद्र यांनी सत्ता हातात घेतली. एप्रिल 2006 च्या जनआंदोलनाने ती सोडायला लावली. 18 मे रोजी पुनःस्थापित प्रतिनिधिसभेने ‘श्री ५ को सरकार’चे, म्हणजे महाराजांच्या सरकारचे, ‘नेपाल सरकार’ केले, शाही सेनेतला ‘शाही’ काढला आणि राष्ट्रगीत बदलण्याचेही ठरवले.

इथेही स्पर्धाच झाली, आणि ती यशस्वी ठरली. आमच्या मते कारण कामाच्या पद्धतीत आहे: ऑस्ट्रेलियाने शब्द आणि चाल दोन्हींसाठी खुल्या स्पर्धा घेतल्या, तर नेपाळने आधी 1,272 रचनांतून शब्द निवडले आणि मग अंबर गुरुङ यांच्यासारख्या मुरलेल्या संगीतकाराने त्या शब्दांना चाल दिली. निवड झाली ती ब्याकुल माइला या नावाने लिहिणाऱ्या प्रदीपकुमार राई यांच्या गीताची. त्यांनी संपादित केलेल्या एका कवितासंग्रहात राजांची रचना होती, म्हणून ते राजेशाहीवादी तर नाहीत ना, अशी शंकाही घेतली गेली. 3 ऑगस्ट 2007 रोजी ‘सयौं थुँगा फूलका हामी, एउटै माला नेपाली’ जाहीर झाले. राजेशाही संपली 28 मे 2008 रोजी, म्हणजे जवळपास दहा महिने देशात राजा होता आणि राष्ट्रगीतात नव्हता.

नव्या गीताचा कर्ता ‘हामी’, म्हणजे आम्ही. शेकडो फुलांची एक माळ, पूर्वेच्या मेची नदीपासून पश्चिमेच्या महाकाली नदीपर्यंत पसरलेली; तराई, पहाड, हिमाल असे भूगोलाचे तिन्ही पट्टे त्यात आहेत, आणि ‘बहुल जाति, भाषा, धर्म, संस्कृति’ ही ओळही आहे. 2015 च्या संविधानात अनुच्छेद 9 आणि अनुसूची 2 मध्ये त्याला जागा मिळाली. राजा बाहेर गेल्यावर आता ‘आम्ही’मध्ये कोण कोण, हा प्रश्न पुढे येतो, आणि तो गैर नाही: 2021 च्या जनगणनेत नेपाळमध्ये 124 मातृभाषा नोंदल्या गेल्या आणि नेपाळी मातृभाषा असणारे 45 टक्क्यांच्या आसपास भरले. बहुल भाषांचा गौरव करणारी ती ओळ त्यांतल्या एकाच भाषेत आहे.