उपनगरांतले बाजाररस्ते आणि पार्किंगचा आकडा

अमेरिकेच्या उपनगरांत पायी फिरता येतील असे बाजाररस्ते पुन्हा उभे करायचे प्रयत्न जागोजागी चालू आहेत. ट्रामच्या काळात असे रस्ते होतेच: फूटपाथला लागून दुकानं, वर बिऱ्हाडं, मागच्या गल्ल्यांत घरं. मग घरं आणि दुकानं वेगवेगळ्या भागांत ठेवायच्या नियमांना मान्यता देणारा १९२६ चा युक्लिड खटला, देशभर महामार्गांचं जाळं विणणारा १९५६ चा महामार्ग कायदा आणि त्याच वर्षी मिनेसोटात उघडलेला बंदिस्त मॉल, या टप्प्यांनी ते मागे पडले, हे अनेकदा सांगितलं जातं. पण या रस्त्यांचा खरा घात त्या टप्प्यांइतकी चर्चा न झालेल्या एका नियमाने केला. बांधकाम करायचं, तर गाड्यांसाठी ठरावीक जागा सोडलीच पाहिजे, हा तो नियम.

१९२३ मध्ये ओहायोतल्या कोलंबसने तो सदनिकांना लावला, १९३९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोने हॉटेलं आणि रुग्णालयांना. युद्धानंतर तो जवळपास सगळीकडे पोचला. दुकानांसाठी नेहमीचा आकडा १००० चौरस फुटांमागे ४ गाड्यांचा. एका गाडीला, आत-बाहेर करायच्या वाटेसकट, सुमारे ३०० ते ३५० चौरस फूट लागतात. म्हणजे दुकानापेक्षा त्याचं पार्किंगच मोठं! उपाहारगृहांचा आकडा तर याच्या दुपटीहून वर जातो. जुन्या रस्त्यावरचं चपलांचं दुकान बंद पडलं आणि तिथे कोणी उपाहारगृह काढायचं म्हटलं, की वापर बदलला म्हणून नवा आकडा लागू. तेवढी जागा आणायची कुठून? शेजारची इमारत विकत घेऊन पाडायची, नाहीतर बेत सोडून द्यायचा. अशा एकेका पाडकामाने सलग दुकानओळींना खिंडारं पडत गेली.

हे आकडे पुष्कळदा शेजारच्या गावाच्या नियमावलीतून उतरवलेले असत, किंवा अशा मोजक्या ठिकाणच्या मोजणीतून आलेले, जिथे पार्किंग फुकट होतं, बस जवळपास नव्हती आणि मोजणी ऐन गर्दीच्या वेळची होती. ग्राहकांच्या गाड्या आमच्या दारात लागतात, ही रहिवाशांची तक्रार खरी होती, हे मान्य केलंच पाहिजे. पण मीटर आणि परवाने लावूनही ती सुटली असती. त्यासाठी अख्ख्या रस्त्याची वीण उसवायची गरज नव्हती.

बदल आला तो या शतकात. २००३ मध्ये व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनने कोलंबिया पाइक या आपल्या मुख्य रस्त्यासाठी वापरापेक्षा इमारतीच्या ठेवणीवर भर देणारी नियमावली आणली. इमारत फूटपाथला भिडलेली हवी, गाड्या मागच्या बाजूला. कोलोरॅडोतल्या लेकवूडमध्ये १९६६ चा मॉल पाडून तिथे रस्त्या-चौकांचं नवं गावठाण आखलं गेलं. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोने पार्किंगचे सक्तीचे आकडे शहरभरातून काढून टाकले. २०२३ पासून कॅलिफोर्नियात रेल्वेस्थानकं आणि मोठ्या बसथांब्यांच्या अर्ध्या मैलात ही सक्ती बहुतांश उठली.

आता अडतं ते रस्त्यापाशी. उपनगरातला मुख्य रस्ता बऱ्याचदा राज्याच्या ताब्यात असतो. दुकानं पुढे आणणं नगरपालिकेच्या हातात असतं, पण समोरच्या पाच-सहा मार्गिका आणि त्यांवरचा वेग नसतो. साधं क्रॉसिंग मागितलं, तरी गाड्यांचा किती खोळंबा होईल, याचा हिशेब मागितला जातो. जुलै २०२० पासून कॅलिफोर्नियाने पर्यावरण परीक्षणात खोळंब्याऐवजी लोकांना गाडीने किती मैल जावं लागेल, हे मोजायला घेतलं. बाकी बऱ्याच ठिकाणी अजून खोळंबाच मोजतात.