खेळाडूंनी उभारलेली ऑनलाइन जगे

खेळाची अवजारे, सर्व्हर (सगळ्यांचा खेळ एकत्र चालवणारे मध्यवर्ती यंत्र) आणि माणसांना एकत्र येण्याची जागा कंपनीने पुरवायची, आणि त्या जागेत जग कसे असावे, तिथे नियम काय असावेत हे वापरणाऱ्यांनी ठरवायचे, अशी व्यवस्था असलेले प्लॅटफॉर्म. रोब्लॉक्स, माइनक्राफ्टचे सर्व्हर, फोर्टनाइट क्रिएटिव्ह, सेकंड लाइफ, व्हीआरचॅट आणि मुक्तस्रोत (मूळ कोड सर्वांना खुला असलेले) लुआन्टी ही त्यांतली परिचित नावे. सोलापूरच्या शाळकरी मुलांच्या बोलण्यात बहुधा पहिली दोनच येतात. घरच्यांना ‘पोरगं गेम खेळतंय’ एवढेच दिसते. त्यातली काही पोरे मात्र बांधकाम, थोडे प्रोग्रॅमिंग आणि बरीचशी भांडणे मिटवण्याचे काम करत असतात.

पूर्वपीठिका : इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ मध्ये ‘मड’ हा अनेकांनी एकत्र खेळायचा, निव्वळ मजकुराचा खेळ सुरू केला. त्यात खेळाडू फिरत, लढत. नवी खोली बांधण्याची मुभा त्यांना नव्हती. ती १९८९ च्या टायनीमडने दिली. पाठोपाठ १९९० मध्ये पाव्हेल कर्टिस यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात लॅम्डामू हे असेच मजकुराचे जग उभारले. तिथे खेळाडू वस्तूंना वागणूकही शिकवू शकत, म्हणजे प्रोग्रॅम लिहू शकत. याच सोयीचा गैरवापर करून १९९३ मध्ये एका खेळाडूने इतरांच्या पात्रांवर लैंगिक अत्याचाराचे प्रसंग लादले. त्यावर कोणी आणि कशी कारवाई करायची या वादातून तिथे अर्ज आणि मतदानाची पद्धत आली. आज पालक जे प्रश्न विचारतात त्यांतले निम्मे तेव्हाच विचारून झाले होते.

सेकंड लाइफ (२००३) मध्ये जमीन आणि खरेदी-विक्री आली. डेव्हिड बाझुकी आणि एरिक कॅसल यांचे रोब्लॉक्स २००६ मध्ये खुले झाले. माइनक्राफ्ट २००९ पासून लोकांच्या हाती होते, त्याची पूर्ण आवृत्ती २०११ ची. मायक्रोसॉफ्टने ते २०१४ मध्ये अडीच अब्ज डॉलरना घेतले. फोर्टनाइटने बांधकामाची सोय २०१८ मध्ये दिली.

जग चालते कसे : सोलापूरचेच उदाहरण घेऊ. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत मानाचे सात नंदीध्वज (उंच काठ्या) बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून निघतात आणि ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या ६८ लिंगांची प्रदक्षिणा करतात. समजा, कोणाला हीच प्रदक्षिणा रोब्लॉक्समध्ये मांडायची आहे. रस्ते, तळे, तळ्यातले मंदिर, बाराबंदी या पारंपरिक पोशाखातली पात्रे हे सगळे रोब्लॉक्स स्टुडिओ या रचनेच्या अवजारात ठोकळे जोडून उभे राहते. हौशी हाताला त्यात काही आठवडे जातात, पण अडत काही नाही. अडते ते ‘लिंगाचे दर्शन झाले’ हे ठरवताना.

प्रत्येक खेळाडूच्या यंत्रावर खेळाची एक प्रत चालू असते, तिला क्लायंट म्हणतात. खरा हिशेब सर्व्हरवर असतो. क्लायंटने ‘मी चाळिसाव्या लिंगापाशी पोहोचलो’ असे कळवले आणि सर्व्हरने ते मुकाट्याने मान्य केले, तर कोणीही चलाख मुलगा बसल्या जागी ६८ दर्शने उरकून यादीत पहिला येतो. म्हणून सर्व्हरने स्वतः तपासायचे असते. रोब्लॉक्समध्ये पात्राचा मूळ वेग सेकंदाला १६ स्टड. स्टड हे तिथले लांबीचे माप. दोन लिंगांत ४०० स्टडचे अंतर असेल तर किमान २५ सेकंद लागायला हवेत. तीन सेकंदांत आलेली नोंद फेटाळायची. दर्शनांची संख्या खेळाडूच्या क्रमांकाखाली डेटास्टोअरमध्ये, म्हणजे रोब्लॉक्सच्या कायमच्या साठ्यात, ठेवायची, म्हणजे वीज गेली किंवा नेट तुटले तरी दुसऱ्या दिवशी एकेचाळिसाव्यापासून पुढे जाता येते. हे सगळे लुआऊ भाषेत लिहितात. ती १९९३ मध्ये ब्राझीलमध्ये जन्मलेल्या लुआ भाषेपासून निघाली.

यात्रेची गर्दी मात्र या जगात होत नाही. एका सर्व्हरवर ठरावीकच खेळाडू मावतात, जास्त आले की त्याच जगाची दुसरी प्रत उघडते, मग तिसरी. दहा हजार जण एकाच वेळी ‘हर्र बोला हर्र’ म्हणत असले तरी ते शेकडो वेगवेगळ्या सोलापुरांत विखुरलेले असतात आणि एकमेकांना दिसत नाहीत. ‘आमच्या गेममध्ये एवढे लाख लोक’ या जाहिरातींकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे.

माइनक्राफ्टची तऱ्हा निराळी. तिथे खेळताखेळताच बांधता येते, आणि एक ब्लॉक म्हणजे एक मीटर हे प्रमाण असल्याने भुईकोट किल्ल्याचे बुरूज नकाशावरून माप घेऊन उभारता येतात. लोकरीचे ब्लॉक १६ रंगांत मिळतात. चादरीचे डिझाइन करणारा कारागीर चौकटींच्या कागदावर एकेक घर रंगवत जातो, तेच काम इथे जमिनीवर करायचे. ज्यांच्या घरात जकार्डचे, म्हणजे नक्षी विणणारे, माग चालले त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

सर्व्हर कुठे ठेवायचा : मित्रांनी मिळून जग चालवायचे ठरवले की पहिली ठेच इथे लागते. घरच्या पीसीवर माइनक्राफ्टचा सर्व्हर सुरू होतो, शेजारच्या खोलीतल्याला दिसतो, पण अक्कलकोट रोडवरच्या मित्राला दिसत नाही. मोबाइल डेटा आणि बरेचसे ब्रॉडबँड यांवर अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता दिलेला असतो, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला नेमके तुमचे घर सापडत नाही. मग फुकट होस्टिंग, म्हणजे सर्व्हरसाठी दुसऱ्याच्या यंत्रावर जागा, घ्यायचे. ते कोणी खेळत नसले की बंद होते आणि पुन्हा सुरू करायला रांगेत थांबावे लागते. नाहीतर दरमहा पैसे भरायचे.

‘लॅग मारतोय’, म्हणजे खेळ अडखळत, उशिरा चालतोय, या तक्रारीचे खापर बहुतेक वेळा नेटवर फुटते. माइनक्राफ्टचा सर्व्हर जगाची स्थिती सेकंदाला २० वेळा, म्हणजे दर ५० मिलिसेकंदांनी पुढे नेतो. सर्व्हर मुंबईत असेल तर सोलापूरहून अंतर सुमारे ४०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाशाला जाऊन यायला चार-पाच मिलिसेकंद पुरतात. सिंगापूरच्या सर्व्हरला जाऊन यायला मात्र चाळीसच्या आसपास तरी लागणारच, कितीही महागडे कनेक्शन घ्या. अंतर कमी असूनही लॅग असेल तर सर्व्हरची रॅम, घरातले वायफाय आणि कोणीतरी खेळात हौसेने बांधलेली शेकडो कोंबड्यांची खुराडी (प्रत्येक कोंबडीचा हिशेब सर्व्हरलाच करावा लागतो) यांकडे आधी पाहावे.

बांधलेले पाडणाऱ्याला ग्रीफर म्हणतात. लाव्हाची एक बादली आणि महिनाभराचे लाकडी बांधकाम खलास. उपाय दोनच : रोजचा बॅकअप, आणि कोणी कोणता ब्लॉक कधी काढला याची नोंद ठेवणारा प्लगइन, म्हणजे सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम. ऑपरेटरचे, म्हणजे सर्व्हर हाताळणाऱ्याचे, अधिकार वर्गातल्या प्रत्येक दोस्ताला वाटणे हा तिसरा, उलटा उपाय. तोच सर्वांत जास्त आवडीचा दिसतो.

पैसा : रोब्लॉक्समध्ये रचणाऱ्यालाही कमाई होते, हे खरे. किती होते ते पाहण्यासारखे आहे. अॅपमधून ४०० रोबक्स (रोब्लॉक्सचे चलन) घ्यायला ४.९९ डॉलर पडतात. कोणी ते सगळे तुमच्या खेळातल्या एका पासवर (जादा सोयीच्या परवान्यावर) खर्च केले तर कंपनी ३० टक्के कापते, तुमच्या खात्यात २८० येतात. २०२५ च्या सुधारित दराने एका रोबक्सचे ०.००३८ डॉलर मिळतात. म्हणजे २८० चे जेमतेम १.०६ डॉलर. तेही कमावलेले ३०,००० रोबक्स साठल्याखेरीज काढता येत नाहीत. मधल्या पैशात अॅप स्टोअरचा वाटा, सर्व्हर आणि देखरेख येते असे कंपन्या सांगतात, आणि ते खोटे नाही. पण ‘पोरगं घरबसल्या कमावेल’ म्हणून पीसी घेणाऱ्या बापाने हा हिशेब आधी करावा.

पीसीचा मुद्दा सोलापुरात आणखी एका कारणाने येतो. रोब्लॉक्स मोबाइलवर खेळता येते, पण रोब्लॉक्स स्टुडिओ विंडोज किंवा मॅकवरच चालते. ज्या घरात एकच फोन आहे, तिथले मूल दुसऱ्यांनी बांधलेल्या जगात कायमचे पाहुणे राहते. विडी घरकुल या कामगार वसाहतीतल्या आणि मध्यमवर्गीय जुळे सोलापूरच्या मुलांमधला फरक इथे बुद्धीचा नसतो.

मुले आणि कायदा : अनोळखी प्रौढांशी होणारे चॅट ही या प्लॅटफॉर्मांची सर्वांत दुखरी बाजू. तुर्कस्तानने मुलांच्या सुरक्षिततेचे कारण देऊन ऑगस्ट २०२४ मध्ये रोब्लॉक्स रोखले. अमेरिकेत खटले चालू आहेत. चॅटसाठी चेहऱ्यावरून वयाचा अंदाज घेण्याची पद्धत कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केली. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिचा डेटा वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे, जग बांधण्यावर नाही. ‘फुकट रोबक्स’च्या लिंकवर पासवर्ड किंवा ओटीपी देऊन बसलेल्यांसाठी १९३० ही सायबर हेल्पलाइन आहे, फोन जितका लवकर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

मालकी : रोब्लॉक्सची रचना फाइल म्हणून जपून ठेवता येते, पण ती रोब्लॉक्सबाहेर चालत नाही. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचे किंवा लुआन्टीचे जग म्हणजे एक फोल्डर. पेनड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या यंत्रावर उघडा. लुआन्टी हे पूर्वीचे माइनटेस्ट. २०१० मध्ये सुरू झाले, २०२४ मध्ये नाव बदलले. ते फुकट आहे, जुन्या पीसीवर चालते आणि त्यातले मॉड (खेळात भर घालणारे छोटे प्रोग्रॅम) लुआतच लिहितात. शाळेच्या संगणक कक्षात इंटरनेट नसले तरी भागते : शिक्षकांच्या यंत्रावर सर्व्हर सुरू करायचा, फायरवॉलमध्ये (यंत्रात बाहेरून येणारी वाहतूक अडवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ३०००० क्रमांकाचा यूडीपी पोर्ट, म्हणजे आत येण्याची वाट, मोकळा ठेवायचा आणि मुलांनी त्या यंत्राचा पत्ता टाकून आत यायचे. तास संपला की फोल्डरची प्रत काढून तारीख घालून ठेवावी, कारण पुढची तुकडी लगेच त्याच जगात येणार असते.