‘बॉर्डरलाइन’ आणि हृदय: उशिरा जुळलेल्या दुव्याची पार्श्वभूमी

दवाखान्यात ‘बॉर्डरलाइन’ हा शब्द आपण दिलासा म्हणून ऐकतो. शुगर बॉर्डरलाइन आहे, म्हणजे गोळी नको, भात कमी करा. ईसीजीच्या कागदावरही कधीकधी यंत्रच हा शब्द छापते आणि डॉक्टर ‘विशेष काही नाही’ म्हणत कागदाची घडी घालून फाइलमध्ये सारतात. मानसोपचारात मात्र हा शब्द अख्ख्या निदानाचे नाव आहे: ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’, थोडक्यात बीपीडी, म्हणजे भावना, नाती आणि स्वतःची ओळख सतत हेलकावे खाणारा व्यक्तिमत्त्वविकार. फाइलवर ‘बीपीडी’ लिहिलेली एखादी तरुणी छातीत दुखतेय म्हणून कॅज्युअल्टीत आली, की घोळ तिथूनच सुरू होतो. घरच्यांना वाटते, आजार सौम्य आहे. कुणाला तो बायपोलर वाटतो. (गरोदरपणातल्या सोनोग्राफीत बीपीडी म्हणजे बाळाच्या डोक्याची रुंदी, ते आणखी निराळेच.) आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांच्या मनात येते, ‘मनाचंच असणार.’ प्रत्यक्षात या विकाराचा हृदयविकाराशी संबंध दिसला आहे; तो दुवा जुळायला इतका उशीर का झाला, त्याची ही पार्श्वभूमी.

हा काठ नेमका कशाचा? १९३८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका मनोविश्लेषकाने हा शब्द वापरला तो धड न्यूरोसिसमध्ये (चिंतेसारखे, वास्तवाचे भान शाबूत असलेले आजार) न बसणाऱ्या आणि धड सायकोसिसमध्येही (वास्तवाचे भान सुटणारे आजार) न मोडणाऱ्या रुग्णांसाठी. ती विभागणी पुढे मोडीत निघाली, नाव राहिले. बदलण्याचे प्रयत्न झाले. आंतरराष्ट्रीय रोगसूचीच्या दहाव्या आवृत्तीत ‘भावनिक अस्थिर व्यक्तिमत्त्व’ आले, पण पोटप्रकार म्हणून बॉर्डरलाइन टिकलाच. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत व्यक्तिमत्त्वविकारांचे जुने प्रकार काढून तीव्रतेच्या पायऱ्या आणल्या, तरी ‘बॉर्डरलाइन पॅटर्न’ची शेपटी उरली.

खरा वाद १९८० च्या निर्णयाचा आहे. त्या वर्षी मानसिक आजारांच्या अमेरिकेतल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत बॉर्डरलाइनला अधिकृत जागा मिळाली, आणि त्याच आवृत्तीने प्रत्येक रुग्णासाठी पाच रकाने आखले. नैराश्य, स्किझोफ्रेनियासारखे आजार पहिल्यात, व्यक्तिमत्त्वाचे विकार दुसऱ्यात, शरीराचे आजार तिसऱ्यात. हेतू चांगला होता: गडबडीच्या ओपीडीत व्यक्तिमत्त्वाकडे दुर्लक्ष होऊ नये. झाले उलटेच. ‘दुसऱ्या रकान्यातला पेशंट’ म्हणजे त्रास देणारा, न सुधारणारा, असा शिक्काच बसला. तिसरा रकाना भरायचा तो फिजिशियनने, आणि दुसऱ्यातले वाचून फिजिशियनचा हात आखडायचा. २०१३ मध्ये हे रकाने रद्द झाले. तेहतीस वर्षांची सवय मात्र पुस्तिका बदलून जात नाही.

हृदयरोगतज्ज्ञांना स्वभावाचे वावडे होते असे नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या दोन डॉक्टरांच्या वेटिंग रूममधल्या खुर्च्या पुढच्या कडेलाच झिजतात, हे गादी बदलायला आलेल्या कारागिराच्या लक्षात आले, अशी आख्यायिका आहे. १९५० च्या दशकात त्या दोघांनी ‘टाइप ए’ म्हणजे सतत घाईतला, चढाओढ करणारा, चटकन चिडणारा स्वभाव मांडला. तीन हजारांवर पुरुषांवर साडेआठ वर्षे नजर ठेवल्यावर अशा स्वभावाच्या माणसांत हृदयविकार सुमारे दुप्पट दिसला. पुढच्या अभ्यासांत ते टिकेना. तंबाखू कंपन्यांनी या संशोधनाला पैसा पुरवल्याचेही नंतर बाहेर आले. स्वभाव आणि हृदय म्हटले की कार्डिऑलॉजिस्ट नाक मुरडतात, त्यामागे हा इतिहास आहे.

बॉर्डरलाइनबद्दलचे ठोस काम त्यानंतरचे. अमेरिकेत १९९२ पासून २९० बॉर्डरलाइन रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा सुरू झाला. २००४ च्या अहवालात आढळले, की ज्यांची लक्षणे ओसरली नव्हती त्यांच्यात स्थूलता, मधुमेह आणि उच्च रक्तदाब जास्त होता. दिवसाला पाकीटभर सिगारेट, रोजची दारू आणि रोजची झोपेची गोळीही त्यांच्यातच जास्त. ज्यांची लक्षणे ओसरली होती त्यांच्या शरीराचीही स्थिती बरी, ही बाब मला त्या अहवालातली सर्वांत महत्त्वाची वाटते. तिची चर्चा सर्वांत कमी झाली. २०१० मध्ये सुमारे ३४,६०० लोकांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणातून हृदयविकाराशी संबंध दिसला, इतर मानसिक आजारांचा प्रभाव वजा करूनही. २०२० मध्ये पिट्सबर्गच्या अभ्यासात ३० ते ५४ वयाच्या १,२९५ जणांचे बारा तासांच्या उपाशी पोटी रक्त घेतले गेले. स्वभावाची माहिती त्यांच्याकडून आणि त्यांच्या ओळखीच्या माणसांकडूनही घेतली. बॉर्डरलाइन लक्षणे जितकी जास्त, तितके रक्तदाब, साखर, चरबी यांचे एकत्रित चित्र वाईट. हे लोक रुग्ण नव्हते, सर्वसाधारण वस्तीतले होते.

कारणांचा गुंता अजून पुरता सुटलेला नाही. मोडलेली झोप, तंबाखू, झटक्यात भरपूर खाणे, कायम ताणलेली मज्जासंस्था, बालपणीचे अत्याचार. १९९८ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाने बालपणीच्या आघातांचा संबंध थेट हृदयविकाराशी जोडला होता, आणि बॉर्डरलाइन रुग्णांच्या पूर्वेतिहासात असे आघात वारंवार भेटतात. शिवाय औषधे. ओलांझापिन, क्वेटियापिन या अँटिसायकोटिक (मुळात भ्रम-भास आवरण्यासाठीच्या) गोळ्यांनी वजन आणि साखर वाढते. ब्रिटनच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी बजावले होते, की खास बॉर्डरलाइनसाठी म्हणून औषधे देऊ नयेत. ती सर्रास दिली जातात.

ब्रिटनमधलेच आणखी एक उदाहरण. तिथले डॉक्टर पुढच्या दहा वर्षांतला हृदयविकाराचा धोका एका संगणकीय तक्त्यावर मोजतात. २०१७ च्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘गंभीर मानसिक आजार’ अशी चौकट प्रथमच आली. तिच्यात स्किझोफ्रेनिया आहे, बायपोलर आहे, मध्यम ते तीव्र नैराश्य आहे. बॉर्डरलाइन नाही. नवीन पिढीच्या अँटिसायकोटिक औषधांची चौकट मात्र वेगळी आहे. म्हणजे नुसत्या निदानाने या रुग्णाचा धोका तक्त्यावर हलत नाही. तो हलतो, सूचनेनुसार जी द्यायलाच नको होती ती गोळी सुरू असेल तर.