नावात बिट किती?

निवडणूक आली की एक बातमी ठरलेलीच, मोठ्या उमेदवारासमोर त्याच्याच नावाचा अपक्ष उभा. २०१४ च्या लोकसभेला रायगडमध्ये सुनील तटकरे जेमतेम २,१०० मतांनी पडले आणि तिथेच अपक्ष उभ्या असलेल्या दुसऱ्या सुनील तटकरेंना नऊ हजारांच्या वर मतं होती. यात राजकारण आहेच, पण मला त्यातलं गणित जास्त आवडतं.

१९४८ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञानी माहिती मोजायचं माप रूढ केलं, बिट. एक बिट मिळाला की ज्या गर्दीत शोधताय ती निम्मी होते. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. तिचे निम्मे, मग त्याचे निम्मे असं करत गेलात तर विसाव्या वेळेला एकच माणूस हाती राहतो, कारण २ चा २० वा घात १०,४८,५७६. म्हणजे बाळ्यापासून होटगी रोडपर्यंत कुणालाही हुडकायला २० बिट बास!

आता नावाचे बिट किती? सूत्र सोपंय, १ भागिले त्या नावाचं प्रमाण, त्याचा २ पायाचा लॉग (म्हणजे २ चा कितवा घात केला की ती संख्या येते ते). १,०२४ जणांत एकाचं नाव असेल तर १० बिट, १६ जणांत एकाचं असेल तर फक्त ४. आणि आपलं गाव पडलं सिद्धरामेश्वरांचं, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत "ओ सिद्धाराम" म्हणून ओरडा आणि किती जण वळून बघतात ते बघा.

बरं, नावाचे १० आणि आडनावाचे ८ म्हणजे १८ झाले का? तर नाही, इथेच सगळे फसतात. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसेल तरच बिटांची सरळ बेरीज होते. व्यंकटेश म्हटलं की आडनाव तेलुगू असणार हा अंदाज आधीच आलेला असतो, मग आडनाव कळल्यावर नवीन माहिती कमीच मिळते (याला सशर्त संभाव्यता म्हणतात, लॉगच्या आत मूळ प्रमाणाऐवजी ती घालायची). वडिलांच्या नावाचंही तेच. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे आजोबा सिद्धाराम मल्लिकार्जुन, वडील मल्लिकार्जुन सिद्धाराम आणि नातू परत सिद्धाराम मल्लिकार्जुन, आडनाव एक, पत्ता एक, बँकेतला क्लार्क करणार काय.

मग जन्मतारीख घ्या, दिवस आणि महिन्याचे साडेआठ बिट, वर्षाचे अजून पाच-सहा. पण जुन्या पिढीत घरी तारीख कुणी लिहून ठेवली नसेल तर शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लावून टाकली, गेले की ते साडेआठ बिट पाण्यात.

जाता जाता, स्पेलिंगमध्ये एक जादा 'ए' घालून नशीब बदलून देणाऱ्या अंकशास्त्रवाल्यांना विचारा, शरद जोशी दोन झाले, एक स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आलेले शेतकरी संघटनेचे नेते, दुसरे हिंदीतले व्यंगकार, नाव तेच, मग अंकही तोच, तरी आयुष्यं इतकी वेगळी कशी?

निवडणूक आयोगाने २०१५ पासून मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो आणला ते बरं केलं, चेहऱ्यात नावापेक्षा कितीतरी जास्त बिट असतात. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदावर आईचं नावही सक्तीचं झालंय, म्हणजे अजून थोडे बिट. थोडेच, कारण आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात, आईकडची नावं आणि वडिलांकडची नावं एकाच घरातून येतात.