शुद्ध रक्ताचा मुतखडा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर ऑस्कर राहतो. तीन वर्षांचा डाल्मेशियन, पांढऱ्याशुभ्र अंगावर शाई शिंपडल्यासारखे ठिपके. रोज सकाळी महात्मा टेकडीवर त्याची माझी गाठ पडते. मार्च महिन्यात तो प्रत्येक झाडापाशी तंगडी वर करून उभा राहायला लागला. उभाच. दोन थेंब, मग पुढचं झाड, पुन्हा दोन थेंब. त्याचे मालक, म्हणजे आमचे काका, म्हणाले, "हद्द आखतोय, वयात आलाय." तिसऱ्या दिवशी थेंबही बंद झाले, पोट टम्म झालं आणि रिक्षात घालून त्याला डॉक्टरकडे न्यावं लागलं. एक्स-रेमध्ये काहीच दिसलं नाही. सोनोग्राफीत दिसलं. मूत्राशय खड्यांनी भरलं होतं आणि एक खडा मूत्रमार्गात अडकला होता.

ऑपरेशननंतर काकांनी मला ते खडे दाखवले. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत ठेवले होते. काही मोहरीएवढे, काही तुरीच्या दाण्याएवढे, पिवळट हिरवे, गुळगुळीत. बाटली हलवली की खुळखुळ्यासारखा आवाज.

"एवढे पैसे मोजून आणला हो," काका म्हणाले. "पेपर आहेत, तीन पिढ्यांची वंशावळ आहे. एकदम शुद्ध रक्ताचा. मग याला असं कसं झालं?"

मी म्हटलं, "शुद्ध रक्ताचा आहे म्हणूनच झालं." काकांना ते आवडलं नाही. लिफ्टमध्ये चार मजल्यांच्या प्रवासात जीवरसायनशास्त्र सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आपल्या पेशी सतत मरतात आणि नव्या तयार होतात. मेलेल्या पेशीतल्या डीएनएची मोडतोड करावी लागते. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ॲडेनिन आणि ग्वानिन ही दोन प्युरिन गटातली. ती मोडता मोडता शेवटी यूरिक ॲसिड उरतं. हे नाव पुण्यात कोणाला सांगायला नको. चाळिशी उलटली की रिपोर्टमध्ये ते लाल अक्षरात येतं आणि घरात डाळींवर संक्रांत येते. माणसाचं गाडं यूरिक ॲसिडपाशीच थांबतं, कारण त्याच्या पुढची पायरी करणारं युरिकेज नावाचं विकर (एन्झाइम) आपल्या वानर-पूर्वजांनी फार पूर्वी गमावलं. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे ते शाबूत आहे. कुत्र्याच्या यकृतात युरिकेज यूरिक ॲसिडचं ॲलॅन्टॉइन करतं. यूरिक ॲसिड पाण्यात नीट विरघळत नाही, ॲलॅन्टॉइन मात्र सहज विरघळतं आणि लघवीवाटे निघून जातं. म्हणून साधारण कुत्र्याच्या लघवीत दिवसाला १० ते ६० मिलिग्रॅम यूरिक ॲसिड सापडतं. डाल्मेशियनच्या लघवीत ४०० ते ६०० मिलिग्रॅम.

आता गंमत बघा. सरळ डोक्याने कोणीही म्हणेल की डाल्मेशियनच्या यकृतात युरिकेज नसणार. पण आहे! यकृताचा तुकडा वाटून त्याचा लगदा केला आणि त्यात यूरिक ॲसिड घातलं, तर त्याचं ॲलॅन्टॉइन व्यवस्थित होतं. मग चूक यकृतात नसून दुसरीकडेच असेल का? १९७२ साली यकृतांची अदलाबदल करून पाहिलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. साध्या कुत्र्याचं यकृत डाल्मेशियनला बसवलं तर त्याचं रक्तातलं यूरिक ॲसिड खाली आलं, आणि डाल्मेशियनचं यकृत साध्या कुत्र्याला बसवलं तर त्याचं वाढलं. म्हणजे दोष यकृतातच, पण विकरात नाही. वाटलेलं यकृत काम करतं आणि अख्खं करत नाही, याचा अर्थ काय? वाटताना आपण काहीतरी मोडतो, आणि ते मोडलं की काम सुरू होतं.

मोडतं ते पेशीचं आवरण. कारखाना चालू आहे, कामगार हजर आहेत, पण गेटला कुलूप आहे आणि माल बाहेर रस्त्यावर पडून आहे. यकृताच्या पेशीच्या आवरणात यूरिक ॲसिड आत घेणारं एक वाहक प्रथिन असतं. ते बनवण्याचा मजकूर एसएलसी२ए९ या जनुकात असतो. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवलं की डाल्मेशियनच्या या जनुकात एकच अक्षर बदललेलं आहे. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत १८८व्या जागी सिस्टीनऐवजी फिनाइलॅलॅनिन येतं. एवढ्याने दार निकामी होतं. हेच वाहक मूत्रपिंडातही असतं. तिथे त्याचं काम लघवीत गाळून गेलेलं यूरिक ॲसिड पुन्हा रक्तात ओढून घेण्याचं. तेही बंद. यकृत माल आत घेत नाही, मूत्रपिंड परत आणत नाही, सगळा लोंढा मूत्राशयात. तिथे त्याचे अमोनियाशी जुळून युरेटचे, म्हणजे यूरिक ॲसिडच्या क्षाराचे, खडे बनतात. हे खडे एक्स-रेला जवळपास पारदर्शक असतात, म्हणून ऑस्करच्या फिल्मवर काही दिसलं नव्हतं. प्रत्येक डाल्मेशियनला खडे होतातच असं नाही. होतात ते मुख्यतः नरांना अडवतात, कारण कुत्र्याच्या शिश्नात हाड असतं आणि त्याच्या खोबणीतून जाणारी नळी फुगू शकत नाही.

शिवाय काका त्याला लाडाने रविवारी कलेजी खिलवत. कलेजी म्हणजे प्युरिनचं भांडार.

इथवर टिकलात तर पुढचं सोपं आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. हा दोष अप्रभावी प्रकारचा. एक प्रत चांगली असली तरी दार उघडतं, दोन्ही बिघडल्या तरच लागतं. बुलडॉग आणि ब्लॅक रशियन टेरियर या जातींतही हाच बिघाड सापडतो. पण तिथे चांगल्या प्रतीही शिल्लक आहेत. जबाबदार ब्रीडर डीएनए तपासणी करतो, दोन्हीकडून बिघडलेली प्रत येणार नाही अशी जोडी लावतो, प्रश्न सुटतो. पेपरवाल्या डाल्मेशियनमध्ये मात्र चांगली प्रत उरलीच नव्हती. सगळ्यांच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. ठिपके रेखीव हवेत म्हणून पिढ्यान्पिढ्या निवड करताना हा दोष सोबत ओढला गेला असावा. आता ब्रीडर कितीही प्रामाणिक असो, कुत्री कितीही निगुतीने पाळो, सर्वोत्तम नर आणि सर्वोत्तम मादी निवडो, प्रत्येक पिल्लू दोष घेऊनच जन्मणार. डब्यात साखरच नसेल तर हाताला कितीही चव असली तरी लाडू गोड होत नाहीत. साखर शेजारून आणावी लागते.

रॉबर्ट शायबल या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाने ती आणली. १९७३ साली त्याने डाल्मेशियनचा संकर इंग्लिश पॉइंटर या दुसऱ्या जातीच्या कुत्र्याशी केला. एकदाच. पहिल्या पिढीतल्या प्रत्येक पिल्लाकडे एक चांगली प्रत आली, ठिपके मात्र रेखीव नव्हते. मग त्याने ही पिल्लं पुन्हा शुद्ध डाल्मेशियनशी जुळवली. त्यांच्या पिल्लांत निम्म्यांकडे चांगली प्रत, निम्म्यांकडे नाही. चांगली प्रत असलेलं पिल्लू निवडायचं आणि पुन्हा डाल्मेशियनशी जुळवायचं. दर पिढीत पॉइंटरचा वाटा निम्मा होतो: १/२, १/४, १/८, १/१६, १/३२. पाचव्या पिढीतलं पिल्लू ९७ टक्के डाल्मेशियन. पाहणाऱ्याला फरक कळत नाही, लघवीच्या तपासणीत कळतो.

१९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या वंशावळींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, अशा दोन कुत्र्यांची नोंदणी केली. त्यावर डाल्मेशियनवाल्यांच्या क्लबात गदारोळ झाला. रक्त बाटलं! नोंदणी थांबली ती २०११ पर्यंत. तीस वर्षं. इलाज हाताशी होता, गणित आठवीच्या मुलाला समजेल इतकं सोपं होतं, आणि अडलं कशावर, तर तीन टक्के पॉइंटरवर.

'शुद्ध' हा शब्द आपल्यालाही फार प्यारा आहे. आपल्या पूर्वजांना जनुकशास्त्र कळत होतं, म्हणून सगोत्र विवाह निषिद्ध, असं सांगणारा मेसेज वर्षातून दोनदा तरी माझ्या फोनवर येतो. गोत्र फक्त बापाच्या बाजूने चालतं. त्याच महाराष्ट्रात मामाच्या मुलीवर हक्क सांगायची रीत आहे आणि मामाचं गोत्र वेगळं असल्याने ते लग्न नियमात बसतं. त्यांच्या अपत्यात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता १/१६. उलट दहा पिढ्यांत नातं नसलेले दोन सगोत्र जनुकांच्या हिशोबात एकमेकांना परकेच. अशी शक्यता मोजायची पद्धत सिवॉल राइट या जनुकशास्त्रज्ञाने १९२२ मध्ये मांडली, आणि सख्ख्या बहीण-भावांच्या संकरात ती १/४ येते. कुत्र्यांच्या बाजारात नात्यातल्या संकराला 'लाइन ब्रीडिंग' असं भारदस्त नाव देतात. वंशावळीच्या कागदावर एकाच चॅम्पियनचं नाव आजोबा म्हणून दोन्ही बाजूंना छापलेलं असतं आणि ग्राहक ते अभिमानाने दाखवतो. वीसनखी कुत्रा शुभ म्हणून नखं मोजणाऱ्यांना आपण हसतो. पेपर मोजणारे त्यांच्याहून फार पुढे गेलेत असं मला वाटत नाही.

कागद वंश सांगतो, तब्येत सांगत नाही. पिल्लू घ्यायला गेलात तर आई दाखवा म्हणावं, आणि आई-बापाच्या तपासण्या मागाव्यात. डाल्मेशियन असेल तर कानांचीही, कारण या जातीत बहिरेपण पुष्कळ आहे. अमेरिकेतल्या पाहणीत दहांतली सुमारे तीन कुत्री एका किंवा दोन्ही कानांनी बहिरी निघाली. पिल्लामागे टाळी वाजवून हे कळत नाही, एक कान चालू असेल तर ते वळून बघतंच. भारतात २०१७ पासून ब्रीडिंगचे नियमही आहेत. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही, मादी दीड वर्षाची होईपर्यंत गाभण ठेवायची नाही, आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेळा व्यायला लावायची नाही. नोंदणी क्रमांक विचारा म्हटल्यावर काका गप्प झाले. त्यांनी पिल्लू हायवेवर एका गाडीच्या डिकीतून घेतलं होतं.

ऑस्कर आता बरा आहे. कलेजी बंद, त्याऐवजी उकडलेलं अंडं आणि पनीर, आणि जेवणात एवढं पाणी की ते आमटीसारखं दिसतं. लघवी पातळ राहिली पाहिजे. टेकडीवर हल्ली काका प्रत्येक झाडापाशी सेकंद मोजतात.

मागच्या आठवड्यात त्यांना कोणाचातरी मेसेज आला. घरी डाल्मेशियन मादी आहे, ऑस्करला मेटिंगला पाठवाल का, पिल्लू द्यायचं की पैसे ते तुम्ही ठरवा, पेपर आहेत ना? काकांनी मला विचारलं, "याच्या पिल्लांनाही हेच होईल का हो?" मी म्हटलं, "दोष सगळ्यांत येईल. खडे कोणाला होतील ते सांगता येत नाही." त्यांनी बाटली गॅलरीच्या कठड्यावर उजेडात ठेवली, फोटो काढला आणि पाठवून दिला. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर अजून आलेलं नाही.